बघूनही दिसलं नाही, असं का होतं? रुळांवर काम करणाऱ्या मित्राला उत्तर

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. तुम्ही रुळांच्या देखभालीत आहात. काही दिवस चालत पाहणी करता, काही दिवस गँगसाठी, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्या तुकडीसाठी, लूकआऊट (गाडी येताना बघून इशारा देणारा) म्हणून उभे राहता. पाहणीत दोन रुळांच्या एका जोडाचा सैल बोल्ट तुम्ही पकडलात, नोंदवलात. दुसऱ्या दिवशी त्याच जोडाच्या फिशप्लेटला (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला) तडा गेल्याचं सहकाऱ्याला दिसलं आणि तो तडा तुमच्या नजरेतून सुटला होता. त्यानंतर लूकआऊटवर असताना गाडी अजून लांब आहे असं वाटलं आणि बघता बघता ती जवळ आली. सगळे बाजूला झाले, पण जेमतेम. डोळे तपासून घेतलेत, दोष काही नाही. वरिष्ठ म्हणतात, लक्ष नसतं. आणि तुम्ही विचारताय, नजर तीक्ष्ण करायला काही व्यायाम आहे का.

डोळ्यांच्या व्यायामानं यातलं काही सुधारणार नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. तुमचे दोन्ही प्रसंग डोळ्यांच्या क्षमतेचे नाहीत, आणि ते एकमेकांसारखेही नाहीत. पहिल्यात शोधायची वस्तू कुठे आहे ते माहीत नव्हतं. दुसऱ्यात गाडी कुठून येणार हे पक्कं माहीत होतं, ती केव्हा येणार एवढंच माहीत नव्हतं. डोकं या दोन कामांत वेगवेगळ्या कारणांनी चुकतं, म्हणून उपायही वेगळे. मी बरीच वर्षं रुळांवर काम केलं, आता सुरक्षेचं प्रशिक्षण देतो आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या चौकशीत बसतो. तिथे ही दोन कामं एकाच ‘लक्ष द्या’ या सूचनेखाली कोंबलेली मला नेहमी दिसतात.

एक गोष्ट मान्य करतो. तुमचा मार्ग जोडाचा आहे की वेल्ड केलेला, गाड्यांचा वेग किती, पाहणी ब्लॉकमध्ये (कामासाठी गाड्या बंद ठेवलेल्या वेळेत) होते की चालू मार्गावर, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडचं नियमपुस्तक माझ्या कुठल्याही सल्ल्याच्या वर आहे. खाली देतो ती त्यामागची कारणमीमांसा.

आधी पाहणीबद्दल. हात समोर लांब करून अंगठा उभा धरा. साधारण त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्याच भागातले बारकावे डोळ्याला खऱ्या अर्थानं स्पष्ट दिसतात. बाकी सगळं दृश्य धूसर असतं आणि मेंदू ते भरून काढतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळंच स्वच्छ दिसतंय. नजर एका सेकंदात साधारण तीन ठिकाणी टेकते. आता हिशोब करा. ताशी ४ किलोमीटर वेगानं चालताना सेकंदाला सव्वा मीटरच्या आत अंतर जातं. स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर असतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन स्लीपर. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा प्रत्येक स्लीपरवर चार धरल्या तर सेकंदाला सातएक क्लिपा तुमच्या समोरून जातात, आणि नजर टेकते तीन ठिकाणी. त्याच तीन नजरांतून पाऊल कुठे टाकायचं तेही बघायचंय, खडीही बघायची, आणि मार्ग चालू असेल तर गाडीही. प्रत्येक क्लिप ‘नीट बघितली’ असं कुणी सांगत असेल तर ते त्याला मनापासून वाटत असेल, पण तसं घडलेलं नसतं.

तरीही एखादी निघालेली क्लिप चालता चालता दिसते. कारण एकसारख्या रांगेतली एक जागा रिकामी असेल तर ती रचना मोडते आणि ते धूसर नजरेलाही खटकतं. तड्याचं तसं नसतं. गंजलेल्या, तेलकट पट्टीवरची केसासारखी रेघ कुठलीच रचना मोडत नाही. तिच्यावर थेट नजर टेकल्याशिवाय ती दिसणारच नाही. म्हणून पाहणीचा माझा पहिला नियम असा: जे खटकतं ते चालता चालता बघा, जे खटकत नाही ते थांबून बघा. जोड, वेल्ड, पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), पुलाचे दोन्ही तोंडाकडचे भाग, इथे पाय थांबलेच पाहिजेत. चालीतच मान वळवून पुढे जाणं म्हणजे त्या जागेची पाहणी झालीच नाही असं समजा.

आता तुमचा सैल बोल्ट. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील मला हाच वाटला. तुम्ही त्या जोडापाशी थांबला होता, वाकला होता, दोष पकडला होता. म्हणजे निष्काळजी नव्हता. पण एक दोष सापडला की ‘इथलं काम झालं’ असा निरोप मन स्वतःलाच देतं आणि शोध तिथेच थांबतो. क्ष-किरण तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये याचा खूप अभ्यास झालाय: चित्रात एक विकृती सापडली की दुसरी सुटण्याची शक्यता वाढते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि त्यात मुद्दाम एका गोरिलाचं चित्र घातलं. गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर त्या गोरिलावरून गेली होती, हे नजरेच्या नोंदीतून कळलं. ही माणसं अडाणी नव्हती, थकलेली नव्हती, रोज हेच काम करणारी होती. त्यांचं लक्ष गाठींवर बांधलेलं होतं, आणि म्हणून गोरिला डोळ्यांत शिरूनही मनापर्यंत पोचला नाही.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. दोष सापडला की नोंद करा, आणि मग तो जोड पहिल्यापासून पुन्हा बघा, जणू आत्ताच तिथे पोचलात. तेही ठरलेल्या क्रमानं: आतल्या बाजूची फिशप्लेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग बाहेरची, मग बोल्ट एकेक, मग रुळाची टोकं, मग जोडाखालचे स्लीपर आणि खडी. क्रम पक्का असला की नजर कुठे जायची हे त्या क्षणीच्या लहरीवर राहत नाही. एकाच बाजूनं चालत गेलात तर रुळाची आणि पट्टीची पलीकडची बाजू दिसतच नाही, हे वेगळं सांगायला नको. जाताना एक बाजू, परतताना दुसरी, असं करता येत असेल तर करा.

आणि ‘दोष आहे का’ असं बघू नका, दोषाच्या खुणा बघा. सैल बोल्टाभोवती तांबूस भुकटी जमलेली असते, कारण दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतात. हलणाऱ्या भागाच्या कडेला गंज नसलेली चकचकीत रेघ असते. स्लीपर खालीवर होत असेल तर त्याच्या कडेची खडी घासून पांढुरकी पडते किंवा चिखल वर येतो. बोल्टाच्या भोकापासून सुरू होणारा तडा बहुधा तिरपा जातो. तडा रेघ म्हणून शोधाल तर सुटेल. पण जोडाखालची पांढरी खडी दहा पावलांवरून दिसते आणि ती सांगते की इथे मार वाढलाय, इथे जास्त वेळ द्या.

उजेडाकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात लोखंडाची बाजू सपाट, एकसारखी दिसते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्याच बाजूवरचा बारीक खड्डासुद्धा सावली टाकतो. तुमचा तडा सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणत्या वेळी दिसला, ते विचारा. तुम्ही दुपारी गेला असाल आणि तो सकाळी, तर अर्धं उत्तर तिथेच आहे. पाऊस थांबल्यावर पृष्ठभाग वाळत असतो तेव्हा तड्यातली ओल मागे राहते आणि काळी रेघ उठून दिसते. संशयाच्या जागी मी टॉर्च समोरून मारत नाही, पट्टीला जवळजवळ समांतर धरतो. तुम्हीही ज्ञात तडा असलेल्या एखाद्या भंगार फिशप्लेटवर हे करून बघा. टॉर्च फिरवताना ती रेघ उमटते आणि नाहीशी होते, ते एकदा पाहिलं की पुन्हा विसरत नाही.

पाहणीतली सगळ्यात अवघड अडचण मात्र वेगळीच आहे: दोष फार क्वचित सापडतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना चित्रांमध्ये ठराविक वस्तू शोधायला दिल्या. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा साधारण ७ टक्के वेळा ती सुटली. १०० पैकी एकाच चित्रात होती तेव्हा सुटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. वस्तू तीच, डोळे तेच. क्वचित सापडणारी गोष्ट शोधताना माणूस ‘नाही’ म्हणायला लवकर तयार होतो, हे त्याला स्वतःला कळतही नाही. मैलोन्‌मैल निर्दोष रूळ चालणाऱ्या माणसाची स्थिती त्या १०० पैकी एकपेक्षाही वाईट असते. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या पडद्यावर याच कारणासाठी अधूनमधून खोट्या धोक्याची चित्रं सोडतात. रुळांवर चालत्या मार्गाला हात लावून असलं काही करता येत नाही, करूही नये. पण आम्ही प्रशिक्षणात दुसऱ्या वाटेनं तेच साधतो. ब्लॉकच्या काळात, अधिकृत परवानगीनं, छोट्या रंगीत चिकटपट्ट्या जोडांच्या आडबाजूला लावतो, मोजून लावतो आणि मोजून काढतो. पाहणी करणाऱ्यानं किती शोधल्या आणि कुठल्या सुटल्या, हे त्याच्यासमोर नकाशावर ठेवतो. सुटलेल्या पट्ट्या बहुधा विखुरलेल्या नसतात. कुणाच्या सगळ्या बाहेरच्या बाजूच्या सुटतात, कुणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या. त्यातून त्याला स्वतःच्या नजरेची सवय कळते. तुम्ही व्यायाम विचारला होता, तर माझ्या मते खरा व्यायाम हा.

नोंदवहीतही बदल करा. ‘ठीक’ अशी खूण करता येत असेल तर हात ती खूण डोळ्यांच्या आधी करतो. त्याऐवजी प्रत्येक जोडाला काहीतरी प्रत्यक्ष लिहायला लागलं पाहिजे: जोडातली फट किती, बोल्ट किती. संख्या लिहायची असेल तर नजर टेकवावीच लागते. जपानमध्ये रेल्वे कर्मचारी बोट दाखवून मोठ्यानं उच्चार करतात, त्यामागचं तत्त्व हेच. तिथल्या रेल्वे टेक्निकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या १९९४ च्या चाचणीत या पद्धतीनं १०० कृतींमागे होणाऱ्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्याची नोंद आहे. सुरुवातीला लोकांना लाज वाटते. बोट दाखवायचं तर तिथे बघावं लागतं, आणि उच्चारायचं तर काय बघितलं ते मनात ठरवावं लागतं. मी हे जोडांपाशी करतो आणि तुम्हीही करा.

आता लूकआऊट. इथे हिशोबाची बाजू जास्त बोलकी आहे. समजा गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला २८ मीटर. इशारा देणं, तो ऐकू येणं, अवजार उचलणं, बाजूला होणं आणि गाडी येण्याआधी काही सेकंद सुरक्षित जागी उभं असणं, या सगळ्याला २५ सेकंद धरले तर गाडी ७०० मीटरवर असतानाच दिसली पाहिजे. इंजिनाचं तोंड ३ मीटर रुंद धरा. ७०० मीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीचं दिसतं. पुढच्या पाच सेकंदांत गाडी १४० मीटर कापते, तरी तिची दिसणारी रुंदी चौथाईनंच वाढते. दुप्पट व्हायला साडेबारा सेकंद लागतात. शेवटी मात्र १०० मीटरवरून ५० मीटरवर यायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि तेवढ्यात ती दुप्पट होते. समोरून येणारी वस्तू आधी बराच वेळ जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते आणि मग एकदम फुगते. तुम्हाला आलेला अनुभव हाच. त्यात आणखी एक भर: मोठी वस्तू छोट्या वस्तूपेक्षा हळू चाललीय असं वाटतं. लेवेल क्रॉसिंगवरच्या अपघातांच्या संदर्भात मानसशास्त्रज्ञ लायबोविट्झ यांनी १९८५ साली हा मुद्दा मांडला. रात्री नुसता हेडलाइटचा ठिपका दिसत असेल तर अंतराचा अंदाज जवळजवळ अशक्यच.

म्हणून लूकआऊटनं गाडीच्या वेगाचा किंवा अंतराचा अंदाज करायचाच नाही. दिसली की इशारा. ‘अजून लांब आहे, एवढा बोल्ट होऊ दे’ हा विचार मनात आला तर तो चूकच आहे असं धरून चाला, कारण तो ज्या माहितीवर उभा आहे ती माहिती डोळ्यांकडे त्या अंतरावर नसतेच. आणि काम सुरू करण्याआधी ते ७०० मीटर, किंवा तुमच्या वेगाला जे येतील ते, प्रत्यक्ष मोजून तिथली एखादी खूण ठरवा: खांब, झाड, पुलाचा कठडा. ती खूण उभ्या जागेवरून स्वच्छ दिसत नसेल, वळण किंवा झाडी आड येत असेल, तर तिथे एकट्या लूकआऊटवर काम करू नये. पुढे दुसरा लूकआऊट लावा, नाहीतर ब्लॉक मागा. माझ्या मते जमेल तिथे ब्लॉकच मागावा. माणसाचे डोळे हे संरक्षणाचं शेवटचं साधन आहे, पहिलं नव्हे.

उभं राहायच्या पद्धतीबद्दल. एका दिशेकडून दुसरीकडे मान फिरवत राहणं पुरेसं नाही. नजर एका जागेवरून दुसरीकडे झेप घेते तेव्हा त्या झेपेत डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. मार्गाच्या टोकाला नजर टेकवा, क्षणभर थांबा, मग दुसऱ्या टोकाला टेकवा. आडव्या हालचालीला डोळ्याची कड पटकन जागी होते, पण समोरून येणारी गाडी दृश्यात आडवी सरकतच नाही, म्हणून ती कडेनं पकडता येईल यावर विसंबू नका. आणि कामाकडे तोंड करून उभे राहू नका. आवाज, ठिणग्या, हालणारी माणसं नजरेला ओढून घेतात, कुणाचीही. वेल्समध्ये मार्गम इथे ३ जुलै २०१९ रोजी रुळांवर काम करणारे दोघं गाडीखाली गेले, तिसरा थोडक्यात वाचला. तिघंही अवजाराच्या आवाजात कामात गुंतलेले होते आणि लूकआऊट म्हणून कुणीच उभं नव्हतं. ‘आपल्यातलाच कुणीतरी बघेल’ या भरवशाचं मोल ते असतं.

वेळेचं काय? मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी १९४८ साली रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामावरून एक प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा क्वचित दुप्पट उडी मारायचा, ती ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच कामगिरी घसरली. हे लोक आळशी नव्हते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत राहणं मेंदूला जमतच नाही. म्हणून लूकआऊट बदलत राहायला हवा, आणि अर्ध्या तासाच्या आसपास बदलला तर उत्तम. तासन्‌तास एकालाच उभं ठेवून नंतर ‘लक्ष नव्हतं’ म्हणणं अन्यायाचं आहे. वेळापत्रक पाठ असणाऱ्यांनी तर जास्त जपावं. ‘आता गाडी नाही’ हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला नेमकी उशिराची किंवा जादा गाडी उशिरा दिसते.

झोप, उपाशीपोटी काम, फोन यांबद्दल तुम्हाला माहीत आहेच, लांबवत नाही. रात्री एवढंच पाळा की उजेडाच्या खोलीतून थेट कामावर उभं राहू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात.

राहिला वरिष्ठांचा मुद्दा. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह इथे लाल सिग्नल ओलांडून गेलेली गाडी समोरच्या गाडीवर आदळली आणि ३१ जणांचा जीव गेला. तो सिग्नल, एसएन १०९, त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा धोक्यावर, म्हणजे लाल, असताना ओलांडला गेला होता. एकाच जागी वेगवेगळे चालक चुकत असतील तर जागेत दोष शोधायला हवा होता, आणि तो वेळेत शोधला गेला नाही. वरिष्ठांशी बोलताना हाच धागा धरा. ‘माझं लक्ष होतं’ असं म्हणत बसू नका, त्यानं वाद वाढेल. त्याऐवजी लेखी विचारा: त्या टप्प्यात गेल्या वर्षभरात आणखी कुणाच्या नजरेतून काही सुटलंय का, ती पाहणी दिवसाच्या कुठल्या वेळी ठेवली जाते, एका फेरीत किती जोड येतात आणि प्रत्येकाला किती सेकंद मिळतात. लूकआऊटच्या दिवसाबद्दल लिहा की तुम्ही किती वेळ सलग उभे होता आणि त्या जागेवरून किती मीटर दिसतं. मीटर प्रत्यक्ष मोजून लिहा.

आणि मला दोन गोष्टी कळवा: तडा फिशप्लेटच्या आतल्या बाजूला होता की बाहेरच्या, आणि त्या दिवशी तुम्ही रुळाच्या कोणत्या बाजूनं चालत होता. बाहेरच्या बाजूला असेल आणि तुम्ही दोन्ही रुळांच्या मधून चालत असाल, तर तो तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं, आणि मग चालण्याची वाट बदलण्यापासून सुरुवात करावी लागेल.